मिशावाली आई : गिजुभाई बधेका आणि मुलांचा आत्मविश्वास

सकाळची वेळ. शाळेची बस येण्यास दहा मिनिटे उरलेली असतात. चार वर्षांचे मूल शर्टाचे बटण लावण्याच्या खटपटीत असते. बटण एकदा निसटते, दुसऱ्यांदा निसटते, जीभ बाहेर काढून ते तिसऱ्यांदा प्रयत्न करते. एवढ्यात आई किंवा बाबा येतात, मुलाचा हात बाजूला करतात आणि सगळी बटणे भराभर लावून टाकतात. पाठोपाठ घास भरवला जातो, बुटाची नाडी बांधली जाते, दप्तर खांद्यावर घेऊन मुलाला बसपर्यंत पोहोचवले जाते.

यात प्रेमच असते, शंका नाही. पण दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षे असे घडत राहिले तर मुलाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते, की मला जमत नाही आणि माझे काम दुसऱ्याने करायचे असते. तेच मूल पंधरा वर्षांचे झाले, की चारचौघांत बोलायला बिचकते, लहानशा अपयशाने खचते. मग आपण चिंतेने विचारतो, याच्यात आत्मविश्वास का नाही?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सौराष्ट्रातील एका वकिलाला आपल्या तान्ह्या मुलाकडे पाहून असाच प्रश्न पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता त्यांनी चालती वकिली सोडली आणि उरलेले सारे आयुष्य लहान मुलांना दिले. त्यांचे नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. गुजरात त्यांना गिजुभाई म्हणून ओळखतो, आणि लाडाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई म्हणतो.

वकिलाला पडलेला प्रश्न

गिजुभाईंचा जन्म 15 नोव्हेंबर 1885 रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. बालपण वळा म्हणजे आजच्या वल्लभीपूरला गेले. त्या काळी शाळा म्हणजे पाठांतर आणि छडी. मास्तरांचा धाक जितका मोठा तितकी शाळा चांगली, असे लोक मनापासून मानत. गिजुभाई याच रीतीत शिकले. पुढे भावनगरच्या शामळदास महाविद्यालयात त्यांनी नाव घातले, पण घरच्या गरजेपुढे शिक्षण अर्धवट राहिले. 1907 मध्ये ते पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. परका मुलुख, हाताशी कोणी नाही, प्रत्येक काम स्वतः निभवायचे. स्वावलंबनाचा हा धडा त्यांना ऐन तारुण्यात मिळाला.

दोन वर्षांनी ते मायदेशी परतले, मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले आणि वढवाण कँप येथे वकिली सुरू केली. बुद्धी तल्लख होती, बोलणे प्रभावी होते, पैसा आणि प्रतिष्ठा मिळू लागली होती. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला.

बाळ आले आणि बापाच्या मनात विचार सुरू झाला. आपण जे भोगले तेच याने भोगायचे का? याला कोणत्या शाळेत घालायचे? त्याच्याशी घरी कसे वागायचे? बहुतेक वडील असा विचार दोन दिवस करतात आणि कामाला लागतात. गिजुभाईंनी मात्र हा प्रश्न एखादा खटला हाती घ्यावा तसा घेतला. ते पुस्तके धुंडाळू लागले, जाणत्या माणसांना भेटू लागले. खेडा जिल्ह्यातील वसो गावी मोतीभाई अमीन हे शिक्षणाचे मोठे काम करत होते. गिजुभाई त्यांच्याकडे गेले. मोतीभाईंनी त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवरचे पुस्तक ठेवले.

इटलीच्या डॉक्टर असलेल्या माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोम शहराच्या गरीब वस्तीत मुलांचे पहिले घर उघडले होते. त्यांचे सांगणे असे होते, की मूल म्हणजे आपण भरायचा रिकामा घडा नव्हे. त्याच्या आत वाढीची शक्ती आधीपासूनच असते. योग्य वातावरण मिळाले, तर ते स्वतःच स्वतःला घडवते. हे वाचताना गिजुभाईंना आपल्या प्रश्नाची दिशा सापडली. आपल्याकडे मुलाला ईश्वराचे रूप मानतात, बाळकृष्णाची पूजा करतात. पण पूजा आटोपून उठल्यावर घरातल्या बाळाला मात्र दटावतात आणि चापटी मारतात. पूजेतला तो आदर रोजच्या वागण्यात कसा आणायचा, याची वाट आता त्यांना दिसू लागली.

दक्षिणामूर्तीच्या छायेत

भावनगरमध्ये 1910 साली नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती नावाचे विद्यार्थी भवन सुरू केले होते. दक्षिणामूर्ती हे भगवान शिवाचे गुरुरूप. वटवृक्षाखाली बसलेला हा गुरू मौनातून शिकवतो आणि शिष्यांचे संशय आपोआप फिटतात, असे परंपरा सांगते. गिजुभाईंचा या संस्थेशी पहिला संबंध कायद्याच्या कामातून आला. हळूहळू मन तिथेच रमू लागले आणि 1916 मध्ये त्यांनी वकिली सोडून संस्थेला वाहून घेतले.

तिशीतला संसारी माणूस, घरी लहान मूल आणि जम बसलेला व्यवसाय. तो सोडून कमी वेतनावर शिक्षक होणे लोकांना वेडेपणाच वाटला असणार. पण ज्या प्रश्नाने झोप उडवली होती, त्याचे उत्तर कोर्टात मिळणारे नव्हते.

सुरुवातीला गिजुभाई मोठ्या मुलांना शिकवत. ते मन लावून शिकवत, मुलेही त्यांच्यावर प्रेम करत. तरीही त्यांना जाणवत राहिले, की आपण उशिरा पोहोचतो आहोत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात भीती, न्यूनगंड, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची सवय या गोष्टी आधीच मुरलेल्या असतात. पायाच कच्चा असेल तर भिंतींना टेकू देऊन किती दिवस चालणार? त्यांनी नानाभाईंना हे पटवून दिले आणि ऑगस्ट 1920 मध्ये अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू झाले. दोन वर्षांनी तख्तेश्वर मंदिराजवळच्या टेकडीवर बालमंदिराची स्वतःची वास्तू उभी राहिली. तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधींनी केले.

टेकडीवरचे बालमंदिर

शाळेला मंदिर म्हणण्यामागे भाव होता. मंदिरात आपण आवाज खाली करतो, हळू चालतो, समोर कोणीतरी मोठे आहे हे जाणतो. इथे ते मोठे कोणीतरी म्हणजे मूल होते. सारी मांडणी त्याच्या मापाची होती. जिन्नस त्याच्या हाताला लागतील असे ठेवलेले, सामान त्याला उचलता येईल इतके हलके. अमुक वस्तू काढून द्या म्हणून मुलाला कोणाच्या विनवण्या कराव्या लागत नसत.

तिथे बटणे लावण्याच्या आणि नाड्या बांधण्याच्या लाकडी चौकटी होत्या. मूल हवे तितक्या वेळा बटण लावी आणि काढी. झाडणे, पुसणे, पाणी ओतणे, झाडांना पाणी घालणे ही कामे मुले स्वतः करत. पाणी सांडले तर रागावणारे कोणी नसे. पुसायला फडके कुठे आहे हे मुलाला ठाऊक असे.

एका साधनाकडे जरा नीट पाहू या, कारण आत्मविश्वास कसा उगवतो हे त्यात स्पष्ट दिसते. हे साधन म्हणजे दट्ट्यांची पेटी. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात कमी-अधिक मापाची भोके असतात आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा एकेक दट्ट्या असतो. मूल सगळे दट्टे बाहेर काढते, मिसळते आणि पुन्हा जागेवर बसवू लागते. एक जरी चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो उरलेल्या भोकात बसत नाही. चूक झाली हे पेटीच सांगते. शिक्षकाने तोंड उघडण्याची गरज उरत नाही. मूल थांबते, पाहते, विचार करते, बदलून बघते. अखेर सगळे दट्टे बसतात तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो कोणाच्या शाबासकीचा नसतो. तो त्याच्या स्वतःच्या शोधाचा असतो. अशी पेटी दिवसातून वीसदा लावणारे मूल नकळत एक मोठी गोष्ट शिकत असते. चूक म्हणजे लाज नव्हे, चूक दुरुस्त करता येते आणि ती मी स्वतः करू शकतो.

आणखी एक खेळ होता, शांतीचा. सगळी मुले डोळे मिटून निश्चल बसत. दूरचा पक्षी, वारा, स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागे. मग शिक्षक अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव घेत आणि मूल पावलांचा आवाज न करता उठून जाई. धाकाने गप्प बसवलेले मूल आणि आतून शांत झालेले मूल यांतला फरक तिथे येणाऱ्या प्रत्येकाला कळे. मौनातून शिकवणाऱ्या दक्षिणामूर्तीचे नाव त्या जागेला शोभून दिसे.

हे स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सुटणे नव्हते. दुसऱ्याच्या कामात अडथळा आणायचा नाही, वस्तूची मोडतोड करायची नाही, घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची, ही मर्यादा सर्वांना सारखी असे. नदीला दोन काठ असतात म्हणूनच ती वाहते, तसेच हे होते.

भीती नको, लालूचही नको

मुलाला मारू नये हे आज बरेच पालक मान्य करतात. गिजुभाई त्याच्याही एक पाऊल पुढे गेले. शिक्षेइतकेच ते बक्षिसाच्या लालचीलाही नाकारत. पहिला आलास तर सायकल, जेवलास तर चॉकलेट, असे सांगून करून घेतलेले काम मुलाचे होत नाही, ते त्या वस्तूचे होते. वस्तू गेली की कामातला रसही जातो. शिवाय बक्षीस एकाला मिळते आणि उरलेल्या वर्गाच्या मनात आपण कमी आहोत ही भावना राहते. भीतीने वाकलेले मूल आणि लोभाने धावणारे मूल, दोघांचीही दोरी दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून मुलाला स्वाधीन करायचे असेल तर या दोन्ही दोऱ्या सोडाव्या लागतात.

हे सोपे नाही हे गिजुभाई पूर्णपणे जाणून होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या सुप्रसिद्ध पुस्तकात एक तरुण शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. मोठ्या उमेदीने तो पहिल्याच दिवशी मुलांना शांतीचा खेळ घेतो आणि सगळा बेत फसतो. धाकाची सवय असलेली मुले धाक जाताच गोंधळ घालतात. शिक्षक खजील होतो, पण छडी उचलत नाही. चूक मुलांची नसून आपल्या तयारीची आहे हे तो ओळखतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. मुले गोष्टीत गुंगतात आणि तिथून वर्षभराची वाट उघडते. खेळ, वाचनालय, स्वच्छता, नाटक असे एकेक दालन खुले होत जाते.

घरी प्रेमाने वागायचे ठरवून दोन दिवसांत हताश होणाऱ्या आईबाबांना या प्रसंगात फार मोठा दिलासा आहे. पहिला दिवस फसणारच. फसल्यानंतर आपण पुन्हा ओरडण्याकडे वळतो की नवी वाट शोधतो, यावर सारे अवलंबून असते.

गोष्टींचा मोठा खजिना

गिजुभाईंनी माँटेसरी पद्धत डोळे मिटून उचलली नाही. माँटेसरीबाई परीकथांना फारसे महत्त्व देत नसत. गिजुभाईंनी मात्र सौराष्ट्राच्या आजीबाईंच्या तोंडच्या लोककथा, बालगीते, जोडगाणी गोळा केली आणि बालमंदिरात आणली. कावळा-चिमणीची, राजाची, उंदराची गोष्ट ते अशी रंगवून सांगत, की मुले त्यांच्या मांडीवर आणि खांद्यावर चढून बसत. भरघोस मिशांच्या या माणसाकडे मुले आईकडे यावीत तशी धावत येत, म्हणून ती ‘मूछाळी मा’ची पदवी. मुले गोष्टींची नाटके करत, त्यात पाठांतराची सक्ती नसे, संवाद मुले ऐनवेळी स्वतः रचत. चारचौघांपुढे उभे राहण्याची भीती अशी खेळता खेळता नाहीशी होई.

मुले, पालक आणि शिक्षक यांच्यासाठी गिजुभाईंनी शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके लिहिली. 1925 पासून बालशिक्षकांना तयार करणारे अध्यापन मंदिरही दक्षिणामूर्तीत सुरू झाले. 1930 च्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी मुलांची वानरसेना उभी केली. देशाच्या मोठ्या कामात आपलाही खारीचा वाटा आहे, हे मुलांना त्यातून अनुभवता आले.

आईबाबांची शाळा

बालमंदिरात तीन-चार तास मोकळा श्वास घेतलेले मूल घरी जाऊन पुन्हा दटावणीत सापडले, तर उपयोग काय? म्हणून गिजुभाईंनी पालकांशी सतत संवाद ठेवला. त्यांच्या पुस्तकांपैकी एकाचे नावच ‘मा-बाप थवुं आकरुं छे’, म्हणजे आईबाप होणे कठीण आहे, असे आहे. घरातले साधे प्रसंग घेऊन ते दाखवून देत, की मुलाचा हट्ट वाटतो त्यामागे बहुतेक वेळा मोठ्यांची घाई असते. मुलाला स्वतः जेवायचे असते, आपल्याला सांडलेले नको असते. मुलाला रस्त्यातली मुंगी पाहायची असते, आपल्याला वेळेवर पोहोचायचे असते.

त्यांच्या विचाराचा गाभा इथे आहे. मुलाला स्वावलंबी करण्यासाठी मुलावर फारसे काम करावे लागत नाही, काम स्वतःवर करावे लागते. आपला राग, घाई, लोक काय म्हणतील ही चिंता, मुलाच्या यशातून स्वतःला मिरवण्याची हौस, हे सारे आवरावे लागते. हात पुढे न करता शेजारी बसून राहणे ही तपश्चर्याच आहे. म्हणून पालकत्व ही रोजची साधना ठरते.

ज्योतीने ज्योत

1923 च्या सुमारास मुंबईत जन्मलेल्या आणि राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या असलेल्या ताराबाई मोडक भावनगरला आल्या आणि गिजुभाईंच्या कामात सहभागी झाल्या. या दोघांच्या पुढाकाराने 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी हे काम महाराष्ट्रात आणले. 1936 मध्ये दादरला शिशुविहार आणि 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

दट्ट्यांची महाग पेटी खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने यांचीच साधने केली. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडीची कल्पना जन्माला आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हे काम वाढले. आज देशभर गावोगावी अंगणवाड्या चालतात. त्यांच्या मुळाशी भावनगरच्या टेकडीवरचे ते बालमंदिर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

गिजुभाई 1936 मध्ये दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. दोन दशके जिथे जीव ओतला ती जागा सोडली, पण काम सोडले नाही. राजकोटला त्यांनी शिक्षकांसाठी नव्याने अध्यापन मंदिर सुरू केले. सततच्या श्रमाने शरीर मात्र थकत गेले. 23 जून 1939 रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. वय अवघे 53. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माँटेसरीबाई प्रथमच भारतात आल्या. ज्यांच्या पुस्तकाने आयुष्य बदलले, त्यांना आपल्या मातीत पाहण्याचे भाग्य गिजुभाईंना लाभले नाही. पण त्यांच्या येण्याआधीच त्यांच्या विचारांचे रोप या मुलाने इथल्या भाषेत, इथल्या गोष्टींत, इथल्या अंगणात रुजवून ठेवले होते.

आजपासून आपल्या घरी

गिजुभाईंचे स्मरण करायचे तर मोठ्या संकल्पाची गरज नाही. उद्या सकाळी पंधरा मिनिटे लवकर उठू या, म्हणजे मुलाला बटणे स्वतः लावायला वेळ मिळेल. पाण्याचा पेला आणि कपडे त्याच्या हाताला लागतील अशा जागी ठेवू या. पाणी सांडले तर रागावण्याऐवजी फडके कुठे आहे ते एकदा दाखवू या. चूक लगेच दाखवण्याआधी ती त्याला स्वतःला सापडते का, याची थोडी वाट पाहू या. रात्री मोबाईल बाजूला ठेवून एक गोष्ट सांगू या. आणि राग आलाच, तर तोंड उघडण्याआधी आपण स्वतःच शांतीचा खेळ खेळू या. डोळे मिटून दोन दीर्घ श्वास घेऊ या.

पहिल्या दिवशी बटण वरखाली लागेल. बसलाही थोडा उशीर होईल. एखाद्या दिवशी तेच मूल शेवटचे बटण लावून मान वर करील आणि आपल्याकडे पाहील. त्या क्षणी त्याला शाबासकीचीही गरज नसेल, कारण आपल्याला जमते हे त्याचे त्यालाच कळलेले असेल.